ज्वालामुखीत जळत काहीच नाही, मग तो फुटतो कशाने?

कातळकडा | सोमवार, रात्री ९:४०

भाचीने परवा विचारलं, "मामा, पृथ्वीच्या पोटात एवढी आग आहे, तर ती विझत का नाही?" आत आग नाहीच, एवढंच सांगायला बसलो आणि दीड तास कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही. भूशास्त्र माझ्या शिक्षणाचा आणि पुढे कामाचा विषय. पण तिला समजावताना पहिल्यांदाच लक्षात आलं की या विषयातले आपले सगळे रोजचे शब्द चुलीभोवतीचे आहेत. ज्वालामुखी, आग, धूर, राख. ऐकणाऱ्याला वाटतं आत काहीतरी पेटलंय. प्रत्यक्षात तिथे जळत काहीच नसतं. लाल दिसतो तो तापलेला खडक, भट्टीतून काढलेलं लोखंड लाल दिसतं तसा. "धूर" म्हणजे बहुतांशी पाण्याची वाफ आणि खडकाचा भुगा. आणि "राख" म्हणजे चक्क काचेचे बारीक कण.

दुसरा घोळ आकृत्यांचा. पृथ्वीचा छेद काढताना वर पातळ साल आणि खाली सगळा लालभडक रस दाखवतात. तसा रसाचा समुद्र खाली नाही. भूकवचाखालचं प्रावरण सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातं आणि ते जवळजवळ सगळं घन आहे. हे कळतं भूकंपावरून. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या व्यवस्थित आरपार जातात. त्या अडतात त्याच्याही खाली, बाह्य गाभ्यापाशी. तो खरोखर वितळलेल्या लोखंड-निकेलचा आहे, पण ज्वालामुखीतून वर येणारा रस तिथला नसतो.

मग घन खडकाचा रस होतो कुठे आणि कसा? "जास्त तापला म्हणून" हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी येतं, आणि बहुतेक ठिकाणी ते लागू पडत नाही. प्रावरणाचा खडक आधीच इतका गरम असतो की तेवढ्या तापमानाला जमिनीवर ठेवला असता तर वितळायला लागला असता. त्याला घन ठेवतो तो वरचा दाब. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे, किंवा खालून गरम खडकाचा लोट वर चढतो तिथे, हा खडक वर येतो. वर्षाला काही सेंटीमीटर, इतक्या संथपणे. दाब उतरतो, उष्णता मात्र फारशी उतरत नाही, आणि खडकातला थोडा भाग, काही टक्के ते फार तर वीसेक टक्के, कणाकणांच्या फटींत पाझरू लागतो. आइसलँड, हवाई आणि समुद्रतळावरच्या हजारो किलोमीटर लांब पर्वतरांगा या अशा, फक्त दाब सुटल्यामुळे झालेल्या रसाच्या आहेत.

दुसरी रीत मला जास्त आवडते. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथे खाली जाणारा समुद्रतळ थंड असतो. थंड वस्तू आत गेल्यावर वितळणं थांबायला हवं. पण त्या तळाच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. साधारण शंभर किलोमीटर खोलीवर गेल्यावर दाबाने आणि उष्णतेने ते सुटतं आणि वरच्या गरम प्रावरणात शिरतं. बर्फावर मीठ टाकल्यावर तो कमी तापमानालाही पाणी होतो ना, तसंच पाणी खडकाचा वितळबिंदू शेकडो अंशांनी खाली आणतं. पॅसिफिकच्या काठाने जपान, फिलिपिन्स, इंडोनेशियापासून चिलीपर्यंत ज्वालामुखींची जी माळ दिसते ती या पाण्यामुळे आहे.

आणि हे पाणीच पुढे स्फोट घडवतं. शिलारसात खोलवर पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. रस वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि बुडबुडे सुटायला लागतात. पुढचं सगळं एका गोष्टीवर ठरतं: बुडबुड्याला रसातून बाहेर पडता येतं की नाही. बेसाल्ट या काळ्या खडकाचा रस ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा, त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) निम्म्याच्या आसपास. पातळ असतो, बुडबुडे निसटतात, कारंजी उडतात, ओघळ वाहतात. रायोलाइट या फिकट खडकाचा रस ७०० ते ८५० अंशांचा, सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर. सिलिकाचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि रस लाखो-कोट्यवधी पट दाट होतो. बुडबुडा आत फुगतो पण सरकू शकत नाही. असे असंख्य बुडबुडे फुगत जातात, रसाचा फेस होतो, आणि फेसात वायूचा वाटा साधारण तीन चतुर्थांश झाला की तो ताण सहन न होऊन चिंध्या होतो. बुडबुड्यांमधल्या भिंतींचे तुकडे थिजून काचेचे कण होतात. तीच ती राख.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पेटलेलं काही नाही, म्हणून विझण्याचाही प्रश्न नाही. आहे ती उष्णता. काही पृथ्वी घडतानाची उरलेली, काही युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून आजही तयार होणारी. ती कमी होते आहे, पण अब्जावधी वर्षांच्या गतीने.

प्रकारांबद्दल आणि प्रत्यक्ष उद्रेकांबद्दल प्रतिसादांत बोलू.

चौकस | सोमवार, रात्री १०:१५

सुरेख लिहिलंय. एक अडलं. प्रावरण घन आहे म्हणता आणि वर चढतंही म्हणता. घन पदार्थ वाहतो कसा?

कातळकडा | सोमवार, रात्री १०:३२

हिमनदी डोळ्यांसमोर आणा. त्या बर्फावर हातोडा मारला तर तो फुटतो, म्हणजे घनच आहे. पण तोच बर्फ दरीतून वर्षानुवर्षं खाली वाहत असतो. स्फटिकांच्या आतल्या आत अणूंच्या रांगा सरकतात, त्यामुळे. प्रावरणही तसंच. भूकंपाची लहर काही सेकंदांत जाते, तिला ते टणक लागतं. लाखो वर्षांचा ताण दिला तर ते मळलेल्या मातीसारखं वागतं.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७:५०

मी शाळेत भूगोल शिकवते. आम्ही मुलांना जागृत, निद्रिस्त, मृत असे तीन प्रकार शिकवतो आणि परीक्षेत तेच विचारतो. पण हे प्रकार ज्वालामुखीबद्दल काही सांगतात का, असा प्रश्न मला दर वर्षी पडतो. आकारावरून केलेलं वर्गीकरण थोडं उलगडून सांगाल का? वर्गात वापरता येईल असं.

कातळकडा | मंगळवार, दुपारी १:२०

खडूफळा, तुमची शंका रास्त आहे. ते तीन प्रकार तो कधी फुटला एवढंच सांगतात, आणि तेही आपल्या नोंदींच्या मापाने. फिलिपिन्सचा पिनाटुबो सुमारे ५०० वर्षं गप्प होता, उतारांवर दाट जंगल होतं. १९९१मध्ये तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक ठरला. माणसाच्या आठवणीतली झोप डोंगराच्या हिशेबात डुलकीसुद्धा नसते.

आकार मात्र खूप सांगतो, कारण डोंगर स्वतःच्याच रसाचा बनलेला असतो. रस जेवढा पातळ तेवढा डोंगर पसरट. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर आहे, समुद्राच्या तळापासून मोजला तर नऊ किलोमीटरहून उंच. तरीही लांबून तो डोंगर वाटत नाही, जमिनीवर पालथी ठेवलेली ढाल वाटते. हजारो ओघळांचे थर एकावर एक बसत गेले, उतार जेमतेम काही अंशांचा. याला ढाल ज्वालामुखी म्हणतात.

जपानचा ३,७७६ मीटरचा फुजी घ्या. वरवर चढत जाणारा उतार, निमुळता माथा. हा मिश्र किंवा स्तरित शंकू. एकदा राख आणि दगडांचा थर, त्यावर लाव्ह्याचा थर, पुन्हा राख. रस मध्यम दाट, म्हणून माथ्याजवळच थिजतो आणि चढण तीव्र होते. चित्रात मुलं जो डोंगर काढतात तो हा. खाली सरकणाऱ्या भूपट्टांच्या माळेत हेच जास्त, आणि जीवितहानीही बहुतेक यांच्याच नावावर.

तिसरा लहानखुरा, अंगार-शंकू. याचा जन्म माणसाने डोळ्यांनी पाहिला आहे. २० फेब्रुवारी १९४३, मेक्सिको. दिओनिसिओ पुलिदो नावाचा शेतकरी आपल्या शेतात काम करत होता. जमिनीला भेग पडली, तिच्यातून वाफ आणि राख येऊ लागली. वर्षभरात तिथे ३०० मीटरच्या वर टेकडी उभी होती. पारिकुतिन तिचं नाव. १९५२मध्ये उद्रेक थांबला तेव्हा उंची ४२४ मीटर होती, आणि लाव्ह्याखाली दोन गावं गेली होती. त्यातल्या एका गावातल्या चर्चचा मनोरा आजही काळ्या दगडांतून वर आलेला दिसतो. असे शंकू बहुधा एकदाच फुटतात.

आणि ज्यांना डोंगरच नसतो असेही असतात. खालचा रसाचा साठा एकदम रिकामा झाला की वरचं छप्पर आत कोसळतं, मोठा खड्डा उरतो. त्याला काल्डेरा म्हणतात. सुमात्रातलं टोबा सरोवर म्हणजे सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा असा खड्डा, लांबी शंभर किलोमीटरच्या घरात. त्यात उभं राहिलं तर आपण ज्वालामुखीत उभे आहोत हे ध्यानातही येत नाही. तसेच भेगी उद्रेक. जमिनीला लांबच लांब चिरा पडतात आणि पातळ बेसाल्ट पसरत जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं दख्खनचं पठार, त्याच्याही कितीतरी आधीचं सायबेरियातलं पठार ही त्याची कामं.

वर्गात हे प्रकार कप्पे म्हणून शिकवू नका, एवढंच सुचवेन. एकच ज्वालामुखी आयुष्यभरात रस बदलतो, रीत बदलतो.

रात्रप्रवासी | मंगळवार, रात्री ११:०५

मी स्ट्रॉम्बोली पाहिलाय. इटलीजवळच्या समुद्रात एक बेट, बेट म्हणजेच डोंगर. दोन हजारांहून जास्त वर्षं तो थोड्या थोड्या वेळाने फुटतोच आहे, जुने खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणायचे. वाटाड्याबरोबर संध्याकाळी चढलो आणि अंधार पडल्यावर समोरच्या उतारावर बसून राहिलो.

आधी काहीच नव्हतं. वाऱ्याला गंधकाचा वास, तोंडात धातूसारखी चव. मग वरच्या काळोखात एक लाल डाग उजळला आणि पुढच्या क्षणी ठिणग्यांचा झोत सरळ वर गेला. आवाज नाही. झोत वर जाऊन वळायला लागला तेव्हा कुठे छातीत धप्प झालं. त्यानंतर जे ऐकलं ते आजही कानात आहे: ते लाल गोळे उतारावर पडताना येणारा खळखळाट, खापऱ्या ओतल्यासारखा. गोळे पडत असतानाच काळे होत होते. पुन्हा शांतता. घड्याळ लावलं, चौदा मिनिटांनी पुढचा. मग अकरा. मग वीस.

वाटाड्या म्हणाला, नळीतून एकेक मोठा बुडबुडा वर येतो आणि तोंडाशी फुटतो. कातळकडा यांनी लिहिलेलं "बुडबुड्याला बाहेर पडता येतं की नाही" वाचलं आणि ती रात्र नव्याने कळली.

कातळकडा | बुधवार, सकाळी ८:१०

काय सुंदर लिहिलंत! तुमच्या वाटाड्याने अचूक सांगितलं. रस पुरेसा पातळ, म्हणून बारीक बुडबुडे वाटेत एकत्र येऊन मोठे होतात आणि एकेक करून सुटतात. डोंगर सतत दाब सोडत राहतो, म्हणून तो दोन हजार वर्षं असा फुटू शकतो. या रीतीला त्याचंच नाव आहे, स्ट्रॉम्बोली पद्धतीचा उद्रेक. अधूनमधून तोही मोठा दणका देतो, त्यामुळे वाटाड्याशिवाय आणि ठरवून दिलेल्या उंचीपलीकडे कुणी जाऊ नये.

भिंगवाली | बुधवार, दुपारी ३:४५

माझ्या टेबलावर प्युमिसचा, म्हणजे शिलारसाचा फेस थिजून झालेल्या सच्छिद्र दगडाचा, एक तुकडा आहे, लिंबाएवढा. कातळकडांनी फेसाबद्दल लिहिलंय म्हणून तो पुन्हा भिंगाखाली धरला. राखाडी-पांढरा, हातात घेतला तर डोळे फसतात. एवढ्या आकाराच्या दगडाला मनगट तयार होतं आणि वजनच लागत नाही. भिंगातून दिसतात त्या गोल भोकांपेक्षा लांबट नळ्या, सगळ्या एकाच दिशेला ओढलेल्या. त्यांच्या भिंती कागदाहून पातळ आणि प्रकाशात चमकणाऱ्या. मध्येच एखादा काळा चकचकीत स्फटिक अडकलेला. नख फिरवलं तर करकरतो, कडेवर बोट दाबलं तर टोचतो.

नळ्या एका दिशेला का असाव्यात? आणि हा पाण्यावर तरंगतो म्हणतात, तर किती दिवस? आताच भांडंभर पाण्यात सोडलाय.

कातळकडा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

नळ्या म्हणजे ताणले गेलेले बुडबुडे. फेस नळीतून वेगाने वर जात असताना कडेला अडखळतो, मधून पळतो, आणि बुडबुडे ओढले जातात. तुमच्या हातात उद्रेकाचे शेवटचे काही क्षण गोठलेले आहेत. काळा स्फटिक त्याच्या कितीतरी आधीचा, खाली साठ्यात संथपणे वाढलेला. बहुधा हॉर्नब्लेंड किंवा पायरॉक्सीन असेल.

तरंगण्याचा काळ भोकं एकमेकांना किती जोडलेली आहेत त्यावर. समुद्रातल्या उद्रेकांनंतर प्युमिसचे तराफे महिनोन्महिने वाहतात. २०१९मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांजवळ सुटलेला तराफा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला. बुडाला की इथे नक्की कळवा.

गणितवेडा | बुधवार, रात्री ९:००

उद्रेकाची तीव्रता मोजायला शून्य ते आठ अशी एक स्फोटकता श्रेणी वापरतात, ती लघुगणकी आहे असं वाचलंय. म्हणजे पाच हा चारच्या दहापट. मग जीवितहानीही तशीच वाढते का?

कातळकडा | गुरुवार, पहाटे ५:५०

ही श्रेणी मुख्यतः किती माल बाहेर फेकला त्यावर ठरते, आणि बहुतेक पायऱ्यांवर पट दहाचा आहे. पण जीवितहानीचं गणित त्यावर बसत नाही, अजिबात बसत नाही. सेंट हेलेन्स, अमेरिका, १९८०: श्रेणी पाच, मृत्यू ५७. मार्तिनिक बेटावरचा माँ पेले, १९०२: श्रेणी चार, मृत्यू सुमारे २८,०००. कोलंबियातला नेवादो देल रुइझ, १९८५: श्रेणी तीन. मृत्यू सुमारे २३,०००.

रुइझबद्दल थोडं सविस्तर लिहितो. काल रात्री तुमचा प्रश्न वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

५,३२१ मीटर उंच डोंगर, माथ्यावर हिमटोपी. १३ नोव्हेंबर १९८५च्या रात्री नऊनंतर उद्रेक झाला. डोंगराच्या मानाने किरकोळ. पण तप्त राख आणि वायूचे लोट बर्फावरून गेले आणि बर्फाचा जेमतेम दहावा भाग वितळला. ते पाणी दऱ्यांतून धावत सुटलं, वाटेतली राख, माती, दगड, झाडं उचलत गेलं. याला लाहार म्हणतात, जावा बेटावरचा शब्द. वाहतं काँक्रीट म्हटलं तर बरोबर ठरेल. आर्मेरो हे गाव माथ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर. लाहार तिथे पोचला रात्री साडेअकराच्या सुमारास. म्हणजे मध्ये दोन तासांहून जास्त वेळ होता. गावाला लागून उंचवटा होता. चालत गेले असते तरी लोक वाचले असते.

त्याच्या महिनाभर आधी धोक्याचा नकाशा तयार झाला होता, आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. १८४५मध्ये अशाच लाहारने त्याच जागी सुमारे हजार माणसं गेली होती, आणि गाव त्याच गाळावर वसलं होतं. त्या दुपारी गावात राखही पडली. लोकांना शांत राहा, घरात थांबा असं सांगण्यात आलं.

मी विद्यार्थी असताना हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गातून उठून बाहेर गेलो होतो. ज्वालामुखीचं शास्त्र त्या रात्री कमी पडलं नव्हतं.

सांजवारा | गुरुवार, सकाळी १०:२५

वाचून सुन्न झाले. दोन तास.

उत्तरायण | गुरुवार, दुपारी २:१५

लेख उत्तम, पण दोन मुद्द्यांवर असहमती नोंदवतो.

पहिला, "जळत काहीच नसतं" हे टोकाचं विधान आहे. जावातल्या कावाह इजेनला रात्री निळ्या ज्वाला दिसतात, त्या खऱ्या ज्वाला आहेत, गंधक जळत असतं. हवाईत २०१८च्या उद्रेकात लाव्ह्याखाली गाडल्या गेलेल्या झाडाझुडपांतून मिथेन सुटून रस्त्याच्या भेगांतून निळ्या ज्योती निघत होत्या.

दुसरा, पातळ रस म्हणजे कारंजी आणि ओघळ, असं वाचून तो निरुपद्रवी वाटतो. काँगोतल्या न्यिरागोंगोचा लाव्हा जगातल्या सर्वांत पातळ लाव्ह्यांपैकी. १९७७मध्ये त्याचं लाव्हा-सरोवर कडेच्या भेगांतून तासाभराच्या आत रिकामं झालं, ओघळ माणसाला पळून चुकवता येणार नाहीत अशा वेगाने गेले. आणि आइसलँडचा लाकी, १७८३. मोठा स्फोट नाही, २७ किलोमीटर लांबीची भेग आणि आठ महिने वाहणारा बेसाल्ट. पण त्याबरोबर आलेल्या फ्लोरिनने गवत विषारी झालं, गुरं मेली, आणि पाठोपाठच्या दुष्काळात आइसलँडची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली.

कातळकडा | गुरुवार, रात्री ८:४०

दोन्ही मुद्दे मान्य. पहिल्यात माझं वाक्य सैल झालं. उद्रेकाची ऊर्जा जळण्यातून येत नाही, असं म्हणायला हवं होतं. इजेनच्या ज्वाला खऱ्या आहेत, पण त्या उद्रेकाचं कारण नाहीत.

लाकीचं उदाहरण फार महत्त्वाचं. वायू स्फोट घडवतो तसा स्वतःही मारतो, आणि हवामानही बदलतो. सगळ्यांना वाटतं राखेने सूर्य झाकला म्हणून थंडी पडते. राख काही दिवसांत-आठवड्यांत खाली बसते. खरं काम गंधक डायऑक्साइडचं. तो वातावरणाच्या वरच्या स्थिर थरात पोचला की सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात, ते वर्ष-दोन वर्षं तिथे टिकतात आणि सूर्यप्रकाश परतवतात. पिनाटुबोनंतर जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं होतं. १८१५च्या तांबोरानंतर युरोप आणि उत्तर अमेरिकेत १८१६चा उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली.

सांजवारा | गुरुवार, रात्री ९:३०

मग आधी कळतं का? आर्मेरोसारखं पुन्हा होऊ नये यासाठी आज काय करता येतं?

कातळकडा | शुक्रवार, रात्री १०:१०

बरंच कळतं. सगळं नाही.

रस वर येताना खडक फोडत येतो, त्यामुळे बारीक भूकंपांचे थवे येतात. रस आणि वायू भेगांतून वाहू लागले की भूकंपमापकावर वेगळीच, एकसुरी थरथर उमटते. जमीन फुगते, झुकावमापकांना आणि उपग्रहांच्या रडारला काही सेंटीमीटरचा फुगवटाही दिसतो. गंधकाचा वायू वाढतो. सेंट हेलेन्सची उत्तर बाजू तर दिवसाला दीड-दोन मीटर बाहेर येत होती, आठवडेच्या आठवडे. १८ मे १९८०ला सकाळी ८:३२ला ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती अख्खी बाजू घसरली. आतला कोंडलेला रस एकदम उघडा पडला, दाब एका क्षणात सुटला, आणि स्फोट वर जाण्याऐवजी आडवा सुटला. डोंगर फुगतोय हे सगळ्यांना दिसत होतं. तो आडवा फुटेल आणि इतक्या दूरवर पोचेल, याचा अंदाज कमी पडला.

पिनाटुबोला अंदाज जमला. एप्रिल १९९१मध्ये वाफेचे स्फोट सुरू झाले, शास्त्रज्ञांनी घाईने उपकरणं लावली, धोक्याच्या पातळ्या ठरवल्या, हजारो लोकांना हलवलं. १५ जूनला मुख्य उद्रेक झाला. त्याच दिवशी चक्रीवादळ येऊन थडकलं. पावसाने भिजलेली राख कमालीची जड होते. जे गेले त्यांतले पुष्कळसे छप्परं कोसळून गेले. तरी आधी हलवल्यामुळे वाचलेल्यांची संख्या हजारांत आहे.

यात एक गोष्ट सांगायलाच हवी. मोरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्य. आर्मेरोनंतर त्यांनी तप्त राखेचे लोट, लाहार म्हणजे काय हे सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसेल अशी चित्रफीत बनवायला घेतली. पिनाटुबोच्या परिसरात अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना तीच दाखवली गेली. शब्दांनी ज्यांना पटत नव्हतं त्यांना ती पाहून पटलं. ते दोघे मात्र ३ जून १९९१ला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर अशाच एका तप्त लोटात गेले. त्यांना धरून एकूण ४३ जण. पिनाटुबो फुटायच्या बारा दिवस आधी.

खडूफळा | शनिवार, सकाळी ८:००

ही गोष्ट सोमवारी वर्गात सांगणार आहे. जागृत-निद्रिस्तच्या आधी.

चौकस | शनिवार, सकाळी ११:२०

आणि इशारा दिला, लोक हलले, आणि काहीच झालं नाही तर?

कातळकडा | शनिवार, दुपारी ४:००

तेही होतं. इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला काम्पी फ्लेग्रेई हा काल्डेरा आहे, त्यात पोत्सुओली गाव. तिथे रोमन काळातल्या बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. खांबांवर, माणसाच्या उंचीच्या बऱ्याच वर, एका पट्ट्यात हजारो बारीक भोकं आहेत. ती समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली. म्हणजे खांब उभेच असताना जमीन समुद्रात बुडाली आणि पुन्हा वर आली. १९८२ ते १९८४ दरम्यान तिथली जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि उद्रेक झाला नाही. शेवटचा उद्रेक १५३८चा. अलीकडे जमीन पुन्हा वर येते आहे.

रस अनेकदा वाटेतच थांबतो, थिजतो. तो थांबेल की येईल हे शेवटच्या टप्प्यापर्यंत सांगणं अवघड. म्हणून मला वाटतं, चुकलेल्या इशाऱ्याबद्दल शास्त्रज्ञांना धारेवर धरू नये. नाहीतर पुढच्या वेळी ते इशारा देताना हात आखडता घेतील, आणि पुन्हा एखाद्या गावात दोन तास वाया जातील.

गणितवेडा | शनिवार, संध्याकाळी ७:१५

पूर्णपणे सहमत. समुद्राखालच्या ज्वालामुखींवर वेगळा धागा काढाल का? २०२२मधला टोंगाचा लोट ५७ किलोमीटर उंच गेला होता म्हणे. पाण्याखालून एवढा?

कातळकडा | शनिवार, रात्री ८:०५

काढतो. थोडक्यात, ते तोंड पाण्याखाली फार खोल नव्हतं. खूप खोलवर पाण्याचा दाब वाफेला फुलू देत नाही. उथळ पाण्यात मात्र तापलेला रस आणि समुद्र एकमेकांत मिसळले की पाण्याची एका झटक्यात वाफ होते आणि ती रसाचे आणखी तुकडे करते. त्या उद्रेकाने इतकी वाफ वातावरणाच्या वरच्या स्थिर थरात नेली की तिथलं पाणी सुमारे दहा टक्क्यांनी वाढलं.

भिंगवाली | पुढचा शुक्रवार, सकाळी ७:१०

बुडाला. नऊ दिवस तरंगला. पहिले पाच दिवस काही फरक नव्हता, मग पाण्यावर दिसणारा भाग रोज थोडा कमी होत गेला. काल रात्री फक्त एक कड वर होती आणि आज सकाळी तो भांड्याच्या तळाशी होता. बाहेर काढून तळहातावर घेतला तर ओळखू येत नाही इतका जड झालाय, आणि सगळ्या नळ्या एकाच बाजूने ठिबकतायत.

कातळकडा | शुक्रवार, सकाळी ७:४५

उन्हात ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा पाण्यात सोडा. परत तरंगायला हवा.